अंगठाभर गिलावा

१

दगड गेला होता.

गढीच्या विहिरीच्या दाराशेजारी, छातीच्या उंचीवर, तो भिंतीत बसवलेला असायचा. आता तिथे चौकोनी खळगा उरला होता आणि खाली चुरा सांडला होता. सोमवारी सकाळी कॉर्सबेगच्या बायका नेहमीप्रमाणे आवाराच्या फाटकाशी जमल्या. पाण्यासाठी नाही, कारण फाटकाला तीन आठवडे कुलूप होतं. त्या यायच्या गजांतून आत बघून मालकाला शिव्या घालायला. त्या दिवशी शिव्या घशातच राहिल्या.

एफी मच तेव्हा खालच्या ओढ्यावरून बादली घेऊन चढत होती. त्या ओढ्यात मेंढ्या उभ्या असायच्या. पाणी उकळून प्यायलं तरी गावातली निम्मी पोरं पोट धरून झोपली होती. १९५५ चा तो उन्हाळा स्कॉटलंडच्या त्या कोपऱ्यात कोणी कधी पाहिला नव्हता इतका कोरडा गेला. गावातले सगळे आड आटले. आटली नाही ती एकच, गढीच्या तळमजल्यातली विहीर, आणि तिच्यावर मिस्टर गिल्बर्ट रेनी बसून होता. त्याला गढी विहिरीसकट एका हॉटेलवाल्याला विकायची होती, आणि गावाची कटकट मागे ठेवायची नव्हती.

एफीने बादली खाली ठेवली, खळग्याकडे पाहिलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. अठ्ठावन्न वर्षांची ही बाई जन्माने इथलीच. पण तीस वर्षं तिने एडिनबरात जुन्या गढ्यांची मापं काढून नकाशे करण्यात घालवली होती आणि गेल्या वर्षीच ती परत आली होती. तिच्या रागाला गाव भिऊन असे, आणि तिला त्याचं मुळीच वाईट वाटत नसे.

"बघितलंस, एफी?" शेजारी उभे असलेले मास्तर टॉश हलक्या आवाजात म्हणाले. मास्तर निवृत्त होऊन जमाना झाला होता, पण कोर्टकचेरीत गावाच्या वतीने तेच बोलत. एफीलाही त्यांनीच अक्षरओळख करून दिली होती. "परवा शेरीफसाहेब निवाड्यासाठी जागा बघायला यायचे आणि आज दगड गायब. देवही रुसलाय आणि माणसंही. दोन महिने झाले, काल सकाळीसुद्धा पावसाच्या मापात थेंब नव्हता."

"देवाचं नंतर बघू," एफी म्हणाली. "आधी माणसांचं."

दगडावर कोरलेलं गावात सगळ्यांना पाठ होतं. हे पाणी कॉर्सबेगच्या लोकांना गढीची मालकीण जीन ड्यूगिड हिने कायमचं दिलं, सन १६११. शेरीफच्या कोर्टात रेनीचं म्हणणं असं, की विहिरीचं बाहेरचं दार त्याच्या आजोबांनी गावावर दया म्हणून भिंतीत नव्याने पाडलं होतं, आणि दया केव्हाही मागे घेता येते. त्यावर गावाकडे हा एवढा एकच जबाब होता.

आवारातून हवालदार गॉल्ड चालत आला. त्याच्या हातात विहिरीच्या दाराशी सापडलेला एक हातोडा होता. दांडा मधे मोडलेला आणि तांब्याच्या तारेने बांधलेला. तो हातोडा कोणाचा, हे गावात कोणाला सांगावं लागत नव्हतं.

"मिस मच," गॉल्ड खाली बघत म्हणाला, "तुमच्या मेहुण्याला मला घेऊन जावं लागेल."

२

डॉड क्रुकशँक हा गवंडी आणि गवंड्याचा मुलगा. एफीची धाकटी बहीण जेसी त्याला दिली होती. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. चौकीच्या कोठडीत तो बाकावर गुडघा चोळत बसला होता.

"हातोडा तुझा?" एफीने विचारलं.

"माझाच."

"मग तिथे कसा गेला?"

"पाय फुटले असतील."

"डॉड, चेष्टेचा दिवस नाही हा. तुझा गुडघा असा, की तुला घराचा उंबरा चढवत नाही. आणि हे शहाणे म्हणतात, तू आठ फुटी भिंत चढलास, दगड काढलास आणि काखेत मारून परत उतरलास."

दारातून गॉल्ड म्हणाला, "काल रविवार होता, बाई. रेनीसाहेब शनिवारपासून काल रात्रीपर्यंत ॲबर्डीनला. सगळं गाव चर्चमध्ये गात होतं, ठोकाठोक कोणाला ऐकू येणार? चर्चला न जाणारा गावात हा एकटा."

"एकटा?" एफी म्हणाली. काल तिच्या समोरच्या बाकावरची कडेची जागा रिकामी होती. ती कोणाची, ते तिला आठवत होतं. पण त्या माणसाला सर्दी झाली असेल, असं सगळ्या गावाने मनाशी ठरवून टाकलं होतं.

ती डॉडकडे वळली. "हातोडा कोणाला दिला होतास?"

डॉडने गुडघा चोळायचं थांबवलं. "ते मी नाही सांगणार."

"शेरीफ तुला तुरुंगात घालेल."

"घालू दे. माझ्या बापाने काही कामं गावासाठी तोंड मिटून केली, एफी. मलाही तोंड मिटता येतं."

तो पुन्हा गुडघा चोळायला लागला. एफी बाहेर आली ती दात-ओठ खातच. डॉड कोणाला तरी पाठीशी घालत होता. चोरट्याला किंवा रेनीच्या माणसाला नव्हे. डॉड ज्याच्यासाठी तुरुंगात जाईल अशी माणसं गावात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आणि बापाचं कसलं काम?

३

रेनी गढीच्या दिवाणखान्यात नाश्ता करत होता. त्याने एफीला बसायलाही सांगितलं नाही, आणि तीही बसली नाही.

"तुम्ही सगळ्यांनी मला चोर ठरवलंच आहे," तो टोस्टवर मुरंबा फासत म्हणाला. "पण जरा डोकं चालवा, मिस मच. तो दगड खोटा आहे, असं मी पहिल्या दिवसापासून म्हणतोय. परवा शेरीफसाहेबांबरोबर एडिनबराचा तज्ज्ञ येणार आहे तो मीच बोलावलेला, आणि शुक्रवारी सगळ्या गावाला ते सांगितलं. मी तो दगड तज्ज्ञाला दाखवायला उतावीळ. मग मी कशाला काढीन? तो नाहीसा झाल्याने फायदा कोणाचा?"

एफीला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. या माणसाचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

"विहिरीचं बाहेरचं दार तुमच्या आजोबांनी पाडलं म्हणता. कधी?"

"१८७४ मध्ये. गढी घेतल्यावर दोन वर्षांनी. आधी त्यांनी गढीला रूप आणलं." रेनीचा चेहरा खुलला. या विषयावर तो न विचारताही बोलत असे. "त्यांनी घेतली तेव्हा ही वास्तू बघवत नव्हती. वरपासून खालपर्यंत पांढरा गिलावा, एखाद्या दूधडेअरीसारखी. माझ्या आजोबांनी आतला-बाहेरचा सगळा गिलावा खरवडून काढला. आतला खरा, रांगडा दगड उघडा केला. मग गढी गढीसारखी दिसायला लागली. मग दारं. एक आतलं, स्वयंपाकघरातून विहिरीकडे जायला. आणि एक बाहेरचं, गावकऱ्यांसाठी. नाहीतर त्यांना पाणी कुठून मिळणार होतं? उपकार केले, मिस मच. उपकार."

गढीचे मालक कोण कोण झाले हे एफीला रेनीपेक्षा जास्त ठाऊक होतं. बांधली स्ट्राकन सरदारांनी. त्यातल्या एकाची बायको ती जीन ड्यूगिड. पुढे स्ट्राकन चुकीच्या राजाच्या बाजूने लढले आणि गढी घालवून बसले. मग ती ॲबर्डीनच्या एका वकिलाने गिळली. मग साठ वर्षं तिच्यात एका शेतकऱ्याचे ओट्स भरलेले असत. शेवटी डंडीच्या गिरण्यांत तागाचा पैसा केलेल्या या रेनीच्या आजोबांनी ती घेतली आणि दुसऱ्या वर्षी कोट शिवून घ्यावा तसे पूर्वज शिवून घेतले. इतके हात बदलले, पण विहिरीवरच्या बादल्या गावाच्याच राहिल्या होत्या. हे सगळं एफीला माहीत होतं, पण शेरीफपुढे ठेवायला हातात काही नव्हतं.

"आवाराच्या किल्ल्या कोणाकडे असतात?" तिने विचारलं.

"फाटकाची किल्ली एकच, आणि ती माझ्या खिशात. कुलूप शाबूत आहे. तुमचा गवंडी भिंत चढला, दुसरं काय? मी वर्षातून महिनाभर इथे येतो, बाई. इथल्या माकडांच्या उड्या मला ठाऊक नाहीत."

एफी परतताना विहिरीच्या दाराशी थांबली. खळगा तिने हाताने चाचपला. जेमतेम चार बोटं खोल. तिने पुन्हा चाचपला. साडेतीनशे वर्षं भिंतीत राहायचा दगड इतका उथळ बसवणारा गवंडी तिने आजवर पाहिला नव्हता.

४

दुपारी ती डॉडच्या घरी त्याच्या कोंबड्यांना दाणे घालायला गेली. घर कुलूप न लावता तसंच पडलेलं होतं. भिंतीवर लग्नाचा फोटो होता. १९२६ साली गढीच्या विहिरीच्या दारासमोर काढलेला, कारण गावातल्या सगळ्या लग्नांचे फोटो तिथेच काढत. दगडाशेजारी उभं राहिलं की लग्न टिकतं, असं काहीतरी लोक मानत. जेसी हसत होती. डॉड फासावर चाललेल्या माणसासारखा उभा होता.

एफीला जेसीची आठवण आली. मग राग आला, डॉडचा, स्वतःचा, सगळ्यांचा. तिने फोटो उतरवून खिडकीशी नेला, नुसता बहिणीचा चेहरा बघायला.

आणि ती बघतच राहिली.

फोटो संध्याकाळी काढलेला होता. ऊन भिंतीवर तिरपं आलेलं. दाराच्या दोन्ही बाजूंच्या घडीव दगडांना कडेने सावलीची बारीक काळी रेघ होती. ते दगड बाकी भिंतीपेक्षा अंगठाभर पुढे आलेले होते. पण शेजारच्या, कोरलेल्या दगडाला सावलीच नव्हती. तो भिंतीशी अगदी सपाट होता.

एफी खाली बसली. तीस वर्षं तिने दुसरं केलं काय होतं? या मुलखात कुठलीही गढी बांधताना गवंडी दाराखिडक्यांचे घडीव दगड अंगठाभर पुढे ठेवी, कारण भिंतीवर नंतर जाड गिलावा चढायचा. गिलावा येऊन त्या दगडांच्या कडेला टेकला की सगळं एका पातळीत दिसे. गिलाव्याच्या काळातला प्रत्येक घडीव दगड म्हणून पुढे. आणि गिलावा खरवडल्यावर, उघड्या भिंतीत कोणी नवा दगड बसवला, तर तो माणूस समोर दिसणाऱ्या भिंतीशी मिळवून बसवणार. म्हणजे सपाट. गढी पूर्वी पांढरी होती हेच लोक विसरून गेले होते. उघडा दगड म्हणजे जुना, असं रेनीला वाटायचं आणि गावालाही.

तेव्हा तो दगड १६११ चा नव्हता. गिलावा निघाल्यानंतर, आजची माणसं जिवंत असताना कोणीतरी बसवला होता. डॉडच्या बापाने तोंड मिटून केलेलं काम ते हेच.

आणि दगड सापडला कसा, हे गावातलं शेंबडं पोरही सांगे. १९२३ साली भिंतीवरची वेल काढताना मास्तर टॉश यांना.

एफी उठली. फोटो तिने परत खिळ्याला लावला नाही, काखेत घेतला.

५

मास्तर बागेत खुर्ची टाकून बसले होते. सगळी बाग वाळून पिवळी झाली होती. टोकाला त्यांच्या मधमाश्यांची पेटी होती, आणि तिच्यापासून पाच-सहा पावलांवर, जिथे काहीच नव्हतं तिथे, माश्यांचा एक घोळका जमिनीशी गोल गोल घोंगावत होता.

"माश्या घर शोधतायत, मास्तर," एफी म्हणाली. "पेटी हलवली?"

"उन्हाचा त्रास होत होता त्यांना."

"तुम्हीच शिकवलंत मला, ऑगस्टात पेटी चार पावलंही हलवायची नाही, माश्या जुन्या जागी येऊन मरतात. आता त्या पेटीखाली चांगली रुंद फरशी दिसतेय. मास्तर, ती उलटी घातलीय ना? अक्षरं खाली?"

मास्तरांनी चष्मा काढला आणि ते तो पुसायला लागले.

"आवाराला कुलूप लागून तीन आठवडे झाले," एफी म्हणाली, "आणि सकाळी तुम्ही मला सांगितलंत, काल मापात थेंब नव्हता. तुमचं पावसाचं माप गढीच्या आवारात आहे. पाऊसच नाही म्हणून सगळे त्याला विसरले. थोरल्या रेनीने, याच्या बापाने, तुम्हाला मागच्या दिंडी-दरवाजाची किल्ली दिली होती, माप बघायला. या रेनीला ती दिंडी कुठे आहे हेसुद्धा माहीत नसेल. तज्ज्ञ येतोय कळल्यावर तुमचं धाबं दणाणलं. काल माझ्या समोरच्या बाकावरची तुमची जागा रिकामी होती; गाव देवाचं नाव घेत होतं आणि तुम्ही हातगाडी ढकलत होतात."

"बस ना, पोरी."

"मी पोरगी नाही आणि बसणारही नाही."

"ऐक तरी. या रेनीच्या बापानेही १९२३ मध्ये विहीर बंद करायचं काढलं होतं. हक्क आपलाच होता, एफी, पण दाखवायला कागदाचा कपटाही नव्हता. कोर्टाला काहीतरी दाखवावं लागतं. मी मजकूर लिहिला, डॉडच्या बापाने कोरला. थोरला रेनी दगड बघून गप्प बसला. तीस वर्षं पाणी मिळालं गावाला. खोटं होतं, पण कोणाचं वाईट केलं त्याने?"

"डॉडचं," एफी ओरडली. "हातोडा त्याचा मागून नेलात, तिथेच विसरलात, सकाळी माझ्याशेजारी उभे राहून देवाच्या रुसण्याच्या गप्पा मारल्यात, आणि हातोडा हवालदाराच्या हातात बघूनही तोंड उघडलं नाहीत. तो तुमच्यासाठी कोठडीत गुडघा चोळत बसलाय आणि तुम्ही इथे ऊन खाताय."

"निकाल लागला की मी सांगणारच होतो. दोन दिवसांचा प्रश्न. दगड नसला तर संशय रेनीवर जातो. असलेल्या खोट्या दगडापेक्षा चोरीला गेलेला दगड गावाच्या जास्त उपयोगाचा." मास्तरांनी वर पाहिलं. त्यांचे डोळे लाल झाले होते. "आणि तू खरं बोललीस, तर परवा पाणी गेलं म्हणून समज. पोरं मरतील. ते तुझ्या माथी."

एफीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण हेही खरं असू शकत होतं. दगडाचा खोटेपणा ज्या सावलीने तिला दाखवला, ती सावली शेरीफला दाखवल्यावर गावाकडे काय उरणार होतं?

तिने काखेतला फोटो मास्तरांच्या मांडीवर आपटला आणि आपटता आपटता तिची नजर पुन्हा त्याच्यावर पडली. दगडावर नाही, दारावर.

तिने फोटो उचलून डोळ्यांशी धरला. मग म्हणाली ते इतक्या हळू, की मास्तर दचकले.

"तीस वर्षं सगळं गाव तुमच्या दगडाकडे बघत राहिलं, मास्तर. म्हणून शेजारी कोणी बघितलंच नाही."

६

बुधवारी फाटक उघडलं, शेरीफसाहेबांसाठी. मागोमाग सगळं गाव आत घुसलं. शेरीफ उंच, कंटाळलेला माणूस होता. त्याच्याबरोबर एडिनबराचा तज्ज्ञ होता, आणि गॉल्डच्या पहाऱ्यात डॉड.

"गावातर्फे मी बोलणार," एफी म्हणाली. "पहिली गोष्ट. गेलेला दगड बनावट होता."

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग एकच गलका झाला. मागून कोणीतरी म्हणालं, रेनीने हिला विकत घेतली. एका बाईने रिकामी बादली एफीच्या पायाशी आदळली. रेनी हसत होता. एफी न हलता उभी राहिली आणि गर्दीत मास्तरांना शोधत राहिली.

मास्तर अगदी मागे होते, काळ्या कोटात. गलका चालूच राहिला. एफीला वाटलं, हा माणूस आताही बोलणार नाही. शेवटी ते पुढे आले.

"ती खरं बोलते," मास्तर म्हणाले. "तो मी करवून घेतला आणि मीच काढला. माझ्या बागेत आहे. डॉडचा काही संबंध नाही."

बादली आदळणाऱ्या बाईने ती हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

"म्हणजे दावा संपला," रेनी म्हणाला.

"दुसरी गोष्ट," एफी म्हणाली. "मिस्टर रेनी, तुमच्या आजोबांनी गिलावा आधी काढला आणि मग, १८७४ मध्ये, दोन दारं पाडली, असं तुम्ही मला सांगितलंत. साहेबांसमोर पुन्हा सांगाल?"

"शंभर वेळा सांगेन. तसंच झालं."

"साहेब, जरा इकडे या." एफीने शेरीफला स्वयंपाकघरातून आतल्या दाराशी नेलं. "हे आतलं दार. विहिरीच्या बाजूने चौकटीवरून हात फिरवा. काय लागतं?"

"काही नाही. भिंतीशी सपाट आहे."

"कारण हे उघड्या भिंतीत पाडलं. आजोबांचंच काम. आता बाहेर या." बाहेर येऊन तिने त्याचा हात धरला, विचारलंसुद्धा नाही, आणि विहिरीच्या बाहेरच्या दाराच्या घडीव दगडावर ठेवला. "आता?"

शेरीफचा अंगठा दगडाच्या कडेवर अडकला. त्याने तो खाली सरकवला, पुन्हा वर नेला. कड सगळीकडून अंगठाभर पुढे होती.

"हे दार गिलावा चढण्याआधीचं आहे," एफी म्हणाली. "गढी बांधली तेव्हाचं. आणि आतलं दार आजोबांनी पाडेपर्यंत गढीतून विहिरीकडे जायला वाटच नव्हती. ज्याने गढी बांधली त्याने विहिरीला एकच दार ठेवलं, आणि ते बाहेर उघडलं. मालकिणीलासुद्धा पाण्यासाठी अंगणात यावं लागायचं, आमच्या रांगेत. दया कोणी कोणावर केली ते आता तुम्हीच बघा. भिंतीवर पांघरूण होतं तोवर हे दिसत नव्हतं. आजोबांनी मोठेपणासाठी भिंत नागडी केली, म्हणून तुमच्या अंगठ्याला लागलं."

शेरीफने तज्ज्ञाकडे पाहिलं. तज्ज्ञाने दोन्ही दारांवरून हात फिरवला आणि मान डोलावली. शंभर वेळा सांगेन म्हणून रेनी आत्ताच बोलून चुकला होता.

"निकाल मी लेखी देईन," शेरीफ म्हणाला. त्याचा कंटाळा गेला होता. "तोवर फाटकाचं कुलूप काढा. आजच. आणि हवालदार, त्या माणसाला सोडा."

संध्याकाळपर्यंत रांग आवाराबाहेर गेली. दोर ओढायला एफी स्वतः उभी राहिली. ज्या बाईने बादली आदळली होती, तिचीही तिने भरून दिली. डॉड भिंतीला टेकून बसला होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गुडघ्याचं रडगाणं ऐकवत होता. मास्तरही आले. त्यांना पुढे या असं कोणी म्हणालं नाही आणि मागे जा असंही नाही. ते आपल्या नंबराने सरकत दाराशी आले, दगडाच्या खळग्याकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि बादली पुढे केली.

"एफी," ते म्हणाले, "पोरी, मी—"

एफीने बादली काठोकाठ भरली आणि त्यांच्या पायाशी ठेवली.

"पाण्यावर तुमचा हक्क आहे, मास्तर," ती म्हणाली. "माझ्यावर नाही. पुढे कोण आहे?"